बसून खाणारी

बस थांबली ती नेमकी शीतलच्याच तोंडाखाली. बॅग सावरत ती पायरीवरून उतरली, एप्रिलच्या उन्हानं डोळे आपोआप मिटले, आणि उघडले तेव्हा विजेच्या दोन खांबांमध्ये तारेनं ताणून बांधलेली ती स्वतःच वरून हसत होती. तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं. गालावरचा डाग कोणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकलेला, आणि रंग इतका उजळवलेला की तिच्या आईनंही आधी नाव वाचलं असतं. 'समाजाची शान! बंगलोर येथील आंतरराष्ट्रीय कंपनीच्या डायरेक्टर कु. शीतल मोतीराम सोमकुवर यांचे पांढुर्णा नगरीत हार्दिक स्वागत.' खाली जयंती उत्सव समितीच्या पोरांचे फोटो, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि त्यांत सगळ्यात मोठा तिच्या चुलतभावाचा, कुणालचा, कानाला मोबाइल लावलेला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून बॅनर मोठे झाले होते, माणसं होती तेवढीच राहिली होती. डायरेक्टर ती कधीच नव्हती. आणि जी काही होती तीही आता नव्हती. मागच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली होती, बेचाळिसाव्या वर्षी, दुसरी न शोधता, पुन्हा कधीच करायची नाही असं ठरवून, आणि ही गोष्ट या गावात कोणालाच माहीत नव्हती. "म्याडम, बाजूले व्हा ना, बस काढून राहिलो," कंडक्टर ओरडला. त्यानं बॅनरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शिटी मारली. त्याला त्या दोन बाया एक वाटल्या नाहीत.

बरगड्या संपतात तिथं कोणीतरी अंगठा दाबून धरावा तसं झालं. हे तिच्या ओळखीचं होतं. बंगलोरला रिंग रोडवर कॅबमध्ये झोप लागली होती आणि जाग आली तेव्हा बाहेर अंधार होता, गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या, मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, आणि तिला कळेना की आपण कामावर जाऊन राहिलो का कामावरून येऊन राहिलो. ड्रायव्हरला विचारायची लाज वाटली. आरशात तिचे डोळे त्याच्या डोळ्यांना भिडले तेव्हा ती सगळं माहीत असल्यासारखी हसली, तेच हसू जे आता खांबावर टांगलं होतं. गाडी थांबली आणि बिल्डिंगचं गेट दिसलं तेव्हा समजलं, घरी आलो. ते घर. त्याचं भाडं ऐकून आई फोनवर म्हणाली होती, "बाप्पा! मालक तुले जेवू बी घालते का?" त्या घरात नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा, आणि बाल्कनीतली वेताची खुर्ची, जी तिनं हौसेनं घेतली होती, तिच्यावर बसल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं. धूळ पुसताना हात लागायचा तेवढाच. ऑफिसात सकाळची मीटिंग उभ्यानं व्हायची. गादीच्या, फिरत्या, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या मागे रिकाम्या ठेवून सगळे गोल करून उभे राहायचे आणि काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचे. उभं राहिलं की माणूस थोडक्यात बोलतो, असं शास्त्र होतं. नंतर तर उभ्यानं काम करायची टेबलं आली, बटन दाबलं की वर सरकणारी. तिच्या बाजूचा एक जण, ज्याच्या घराण्यात तीन पिढ्या अधिकारी, तो दिवसभर तसा उभा राहायचा आणि म्हणायचा, बसणं हे नवं तंबाखूचं व्यसन आहे. शीतलला तेव्हा हसू येऊन गेलं होतं, आणि मग एकदम राग, इतका की चहाचा कप धुताना हातातून सुटला. ज्यांना कोणी कधी उठवलं नाही त्यांनाच उभं राहायची हौस परवडते.

तोच माणूस चाळिशीत रिटायर व्हायच्या गोष्टी करायचा. डोंगरात जमीन घेईन, कॉफी लावीन, मुलांना चिखलात खेळवीन. त्यानं सोडली तेव्हा केक आला, टाळ्या झाल्या, सगळ्यांच्या डोळ्यांत हेवा. तिनं सोडली तेव्हा मॅनेजरबाईनं काचेच्या खोलीत नेऊन दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, तब्येत ठीक आहे ना? घरी काही? दुसरी ऑफर? तब्येत चांगली आहे, शीतल म्हणाली. मग कारण? कारण नाही. बाईनं पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. त्याचं सोडणं म्हणजे पराक्रम, आणि हिचं सोडणं म्हणजे आजार. शीतलनं बाटली परत सरकवली. पैसे? पैसे होते. वीस वर्षं तिनं काटकसरीनं काढली होती, सोनं घेतलं नव्हतं, गाडी घेतली नव्हती, लग्नही केलं नव्हतं. पांढुर्ण्यात दोन वेळचं जेवण, बापाची औषधं आणि उन्हाळ्यात कूलर चालेल एवढं मरेपर्यंत पुरेल असं होतं. पण हे सांगितलं तर तो पुन्हा हिशोब झाला असता, पुन्हा परवानगी मागितल्यासारखं झालं असतं.

घर रेल्वे फाटकाजवळ. बाप अंगणात पाइप धरून कूलरमध्ये पाणी भरत होता. मोतीराम सोमकुवर, रेल्वेतला रिटायर गँगमन. पांढुर्ण्याहून तिगावकडे जाणारा रूळ त्यानं आयुष्यभर पायी तपासला होता, आणि रिटायर झाल्यावर महिना गेला नाही तोच संत्रा मंडीत रात्रीचा चौकीदार म्हणून लागला होता. कायले, तर लोक म्हणतीन म्हातारा बसून खाते. या घरात ही सगळ्यात मोठी शिवी होती. दारू पिते म्हटलं तर चालायचं, भांडखोर म्हटलं तर चालायचं, पण 'बसून खाते' म्हटलं की माणूस संपला.

"पाह्यलं का बॅनर?" बाप म्हणाला. जय भीम नाही, कशी आली नाही, आधी बॅनर. "चौकात लावलं कुणालनं. स्टेशन मास्तर मले म्हणे, मोतीराम, तुझी पोरगी तर पंतप्रधानावानी दिसून राहिली."

"बाबा, मी नोकरी सोडली."

पाइपातलं पाणी कूलरच्या बाहेर, त्याच्या पायावर पडत राहिलं.

"सोडली का सुटली?"

"सोडली."

"दुसरी कुठं लागली?"

"नाही. लावाचीच नाही आता. पुरे झालं."

"मंग करशीन का?"

"बसीन."

त्यानं नळ बंद केला, तोही दोनदा पिळून. मग तिच्या कपाळाला हात लावला, तिला ताप आहे का ते पाहायला, आणि हात ओलाच होता म्हणून त्याला काही कळलं नसावं. "तब्येत बरी नाही का तुझी?" "चांगली आहे." "मंग?" या 'मंग'चं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते एवढं मागचं होतं की अंगणात उभ्या उभ्या देता येईना. बापानं पाइप गुंडाळायला घेतला. मग म्हणाला, "एक काम कर. उद्याच्या दिवस चूप राह्य. सत्काराची शाल घे, दोन शब्द बोल, उतर. जयंती होऊन जाऊ दे. मंग सांग ज्याले सांगाचं त्याले." त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. कॉलेजच्या फीसाठी सोसायटीच्या बाबूपुढे हात जोडलेला बाप तिनं पाहिला होता, पण तिच्यापुढे हात जोडलेला नाही. आता हात जोडले नव्हते, नुसता ओला पाइप दोन्ही हातांत धरला होता, आणि ते तसंच दिसत होतं.

संध्याकाळी आई आली. शकुंतला, सगळ्यांची शकुन. तिच्याआधी तिचा वास आला, संत्र्याच्या सालीचा. नखं पिवळी, बोटांच्या पेरांत चिरा. मंडीत संत्री निवडायची, मोठी वेगळी, बारीक वेगळी, डागी वेगळी, आणि तणस घालून क्रेटमध्ये भरायची, हे सत्तरीला टेकलेली बाई अजून करत होती, पोरगी दर महिन्याला पैसे पाठवत असताना. सोबत शेजारची कलाबाई, मंडीतलीच. बापानं सांगितलं. आईनं ऐकलं, चहा ठेवला आणि ओट्याला टेकून उभ्यानंच प्यायली. शीतल तिच्याकडे पाहत राहिली. आईला बसून जेवताना आपण शेवटचं केव्हा पाहिलं, हे तिला आठवेना. ताट ओट्यावर, हात ताटात, नजर चुलीवर, असंच. कलाबाई मात्र पाट ओढून बसली आणि म्हणाली, "काढलं असंन गं पोरीले. टीव्हीत सांगून राहिले ना, ते काम आता मशीनच करते म्हणे. लाजू नको शीतल, आमाले बी काढते मुकादम." तिच्या आवाजात दया होती, आणि त्या दयेत थोडी मजाही होती.

त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या तिला मुकादम आठवला. आत्ताचा नाही, तेव्हाचा, कापसाचा. ती सहावी-सातवीत असेल. आईला ताप होता, कुडाला पाठ लावून आई बसली होती, दोन्ही पाय लांब पसरून, पदर डोक्यावरून पडलेला, आणि शीतलला त्या दृश्याचं भय वाटलं होतं, कारण आईचे तळवे तिनं पहिल्यांदा पाहिले होते. भेगा, त्यांत काळी माती. बाहेर लुना थांबली. मुकादम दारातूनच म्हणाला, "का वं शकुन, बसून काय राहिली?" आई म्हणाली, "तब्येत बरी नाही भाऊ." तो म्हणाला, "तब्येतीचं का घेऊन बसली, कापूस का थांबते?" आणि आई उठली. तेच, ते उठणं. भिंतीला हात, मग गुडघ्याला हात, मग पदर खोचला, आणि तापलेल्या अंगानं दाराबाहेर गेली. शीतल तिच्या जागेवर जाऊन बसली होती. भिंत गरम होती. त्याच्याही मागं आजोबा होता, बोरगावचा, सौंसरजवळचा. त्यानं सांगितलेलं, की गावच्या मालगुजाराची दमणी, बैलांची हलकी गाडी, रस्त्यानं निघाली की घुंगरांचा आवाज यायचा, आणि म्हारवाड्यातला माणूस स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बाजेवर बसला असला तरी उठून उभा व्हायचा. दमणीत कोणी नसलं तरी. नुसते बैल जाऊन राहिले तरी. आजोबा म्हातारपणी आंधळा झाला होता, पांढुर्ण्यात या घरी राहायला आला होता, आणि रस्त्यावरून आइस्क्रीमवाल्याची घंटी वाजत गेली की बाजेवरून अर्धा उठायचा. पोरं हसायची. शीतलही हसली होती. आता गच्चीवर तिला समजलं की बंगलोरला फोन टिंग वाजला की तिचेही गुडघे हलायचे. जेवताना, न्हाणीत, झोपेत. कोणी आत नसलेल्या दमणीसाठी.

सकाळी कुणाल आला, निळं उपरणं गळ्यात, डोळे जागरणानं लाल. मंडप, माइक, भोजनदान, सगळं त्याच्या डोक्यावर. तिनं त्यालाही सांगितलं, दारातच.

"ताई, मजाक करून राहिली ना तू?"

"नाही."

"अवं पण बॅनर लागून गेले ना. चार चौकात लागले."

"उतरव."

"उतरव? लोकाइले का सांगू मी?"

"सांग, सोडली म्हणून."

"असं नाही ना चालत! कारण पायजे." तो दाराबाहेरच्या ओट्यावर बसला, डोकं खाजवलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "सांगतो का काकूची तब्येत बरी नाही. म्हणून एवढी मोठी नोकरी सोडून सेवा कराले आली. लोकं आणखी टाळ्या वाजवतीन पाह्य."

"काकू मंडीत गेली आहे, क्रेट उचलून राहिली."

"मंग तुझं लग्न जुळलं म्हणून सांगू?"

"चप्पल हाणीन."

तो हसला, मग हसायचा थांबला. "ताई, तुले वाटते ते बॅनर तुझ्यासाठी हाय? नाही वं. तू कुठं पाह्याले होती इथं. ते आहे चौकातून गाड्या घेऊन जातेत त्याइच्यासाठी. ज्याइच्या घरी काकूनं शेण काढलं त्याइले रोज तुझ्या तोंडाखालून जावं लागते. चार दिवस झाले, मी पानठेल्यावर उभा राहून नुसतं पाहून राहिलो, कोण मान वर करते अन् कोण खाली घालते. आता तू म्हणतं का उतरव." हे खरं होतं. तिलाही काल बसमधून उतरल्यावर, अंगठा दाबल्यासारखं व्हायच्या आधी, क्षणभर तेच वाटलं होतं, की पाहा लेकहो. ती मान खाली घालून त्याच्या पायांतल्या चपलेकडे पाहत राहिली, अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला, बॅनर बांधायच्याच तारेनं. "उद्या सांगजो," कुणाल उठताना म्हणाला, "नाही तर परवा. आज नको."

दिवसभर ती घरात हिंडली. एक दिवस चूप बसणं किती सोपं. शाल घ्यायची, हसायचं, बाप समोर ताठ उभा राहील, स्टेशन मास्तर त्याला चहा पाजेल. पण तिला ठाऊक होतं, आज शाल घेतली की उद्या सांगता येणार नाही. उद्या कुणाल कारण घेऊन येईल, परवा तेच कारण गावभर होईल, आईची तब्येत, बापाचं म्हातारपण, आणि जन्मभर त्या कारणाच्या आडोशाला बसावं लागेल, चोरून. आजाऱ्याला बसता येतं. म्हाताऱ्याला बसता येतं. पोट सुटलेल्या शेठाला गादीवर बसता येतं, त्याला कोणी विचारत नाही. धडधाकट बाईनं, आपल्यातल्या बाईनं, दिवसाढवळ्या अंगणात बसायचं तर कारण दाखवायचं. कोणाला दाखवायचं? दमणी तर कवाच गेली. मग हे घुंगरू कोण वाजवून राहिलं? बाप चौकीला जायच्या आधी दाढी करत होता, कार्यक्रमासाठी लवकर. गालाला साबण, मान वर, आणि आरशात त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की ती आत गेली.

मंडप विहाराच्या पटांगणात. लाल खुर्च्या, कूलरचा घरघराट, मसालेभाताचा वास, पोट्ट्यांची पळापळ. स्टेजवर मागे पुन्हा तीच, आणखी मोठी. शीतलला खाली मान घालून स्वतःच्या दातांसमोर बसावं लागलं. आई बायांत, कलाबाईजवळ. बापाला कोणीतरी पुढची खुर्ची दिली होती. तो त्या खुर्चीच्या पाठीला हात लावून मागे उभा होता, जसा साहेबाच्या ऑफिसात उभा राहायचा. आधी दहावी-बारावीच्या पोरांचे सत्कार झाले. कलाबाईची नात रश्मी बारावीची, तिला पुढल्या वर्षी नागपूरला इंजिनिअरिंगला पाठवायचं चाललं होतं; तिनं बक्षिसाची पेटी घेतली आणि उतरताना शीतलच्या पायाला हात लावला. कुणालनं माइक घेतला. शब्द जड होते, तो घामानं निथळत होता, आणि 'डायरेक्टर' म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. शाल उलगडली. शीतल उठली, शालीच्या आधी माइकपाशी गेली.

"जय भीम. बॅनरवर दोन चुका झाल्या," ती म्हणाली. आवाज मागून, स्पीकरमधून, दुसरीचाच असल्यासारखा आला. "मी एवढी गोरी नाही." लोक हसले, बाया जास्त हसल्या. "अन् मी डायरेक्टर नाही. कधीच नव्हती. जे नोकरी होती ते मी सोडली. आता करत नाही." हसू काही खुर्च्यांवर चालूच राहिलं, मग तिथंही विझलं. कूलर मोठा वाटायला लागला. मागून एक आवाज आला, "काढलं का?" "नाही. मी सोडली." "बीमार हाय का पोरगी?" "तब्येत चांगली आहे माझी." कुणाल माइककडे आला, "ताई थकून आली आहे प्रवासानं," म्हणाला, आणि तिनं माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला, त्याला तो सोडवता येईना, दोघं लहानपणी एका उसासाठी भांडायचे तसे. "कायले सोडली मंग?" हा आवाज बाईचा होता.

"बसाले," शीतल म्हणाली.

तिनं तयारी केली नव्हती. जे आलं ते मोडकंतोडकं आलं. आजोबा आला, बैल आले, आंधळ्या डोळ्यांनी बाजेवरून अर्धा उठणारा. "आपल्या घराण्यात कोणी बसून खाल्लं नाही. मले अभिमान नाही त्याचा. बसूच दिलं नाही कोणी. मी बसीन. कारण सांगणार नाही." कोणीतरी शिटी वाजवली. पुढच्या रांगेतले दोन पाहुणे उठून मोबाइलवर बोलत बाहेर गेले. आणि कलाबाई उभी झाली, पदर खोचून, मंडीत मापावरून भांडायला उभी होते तशी. "मंग आमच्या रश्मीले कायले शिकवाचं वं? पोटाले चिमटा घेऊन शिकवाचं, अन् शिकूनसवरून येऊन इथंच बसाचं? तिचा बाप आधीच म्हणून राहिला, लग्न लावून देतो. आता तुझंच नाव सांगीन तो!" बायांतून "हाव ना", "खरं हाय" असे आवाज आले. शीतलला याच प्रश्नाची भीती होती, दिवसभर याच्याभोवती ती हिंडली होती. तिनं रश्मीकडे पाहिलं. पोरीनं पेटी छातीशी धरली होती.

"शिकवाचं, मावशी. रश्मी शिकली तर कवा बसाचं ते रश्मी ठरवीन. नाही शिकली तर मुकादम ठरवीन. तू ठरवते का, सांग?"

कलाबाईनं खोचलेला पदर सोडला, पण ती बसली नाही. टाळ्या झाल्या नाहीत. शाल कुणालच्या हातात तशीच राहिली आणि मग ती वीजमंडळाच्या एका बाबूच्या खांद्यावर गेली, ज्याला सत्काराची कल्पनाच नव्हती. तो ताट सोडून आला होता, बोटाला भात. शीतलनं पुढच्या रांगेकडे पाहिलं. बापाच्या खुर्चीच्या पाठीवर हात नव्हता. बाप न जेवताच मंडीत निघून गेला होता.

सकाळी दारात धप्प आवाज झाला. कुणालनं गुंडाळलेलं बॅनर अंगणात टाकलं होतं आणि मोटरसायकल बंदही न करता म्हणाला, "घे. चौकातलं हाय. बाकीचे पोट्टे काढून राहिले." "कुणाल." "आता नको बोलू, ताई. रागात हावो मी." पण तो लगेच गेला नाही, गाडी रेस करत राहिला. "रश्मीच्या बापाशी बोलाले जाऊन राहिलो," तो म्हणाला, "तुझ्याचपायी," आणि गेला. पांढुर्ण्यात बॅनर कोणी फेकत नाही. ते लाकडावर झाकतात, गोठ्यावर टाकतात, त्यावर शेवया वाळवतात. कित्येक पुढाऱ्यांच्या कपाळावर या गावानं मिरच्या सुकवल्या आहेत. शीतलनं दोरी सोडली आणि कडुनिंबाखाली ते पसरलं. उलटं नाही, सरळ. सावली हलत होती, तिच्या दातांवर, डायरेक्टरवर, कुणालच्या चष्म्यावर. ती मधोमध जाऊन बसली, मांडी घालून. फ्लेक्स गार होता आणि त्याला अजून रस्त्याच्या धुळीचा वास होता.

आई डबा बांधून बाहेर आली. थांबली. "अवं, तोंडावर नको बसू पोरी."

"माझंच तोंड आहे."

आईच्या ओठाचा कोपरा हलला. फाटकावरून कलाबाईची हाक आली, "येतं का वं शकुन?" आवाज कालच्यापेक्षा बारीक होता. आई डबा धरून उभी. शीतलनं काही म्हटलं नाही. ये म्हटलं असतं तर तेही सांगणंच झालं असतं, आणि या बाईला आजवर सगळ्यांनी सांगितलंच होतं. ती निंबाच्या काड्या वेचून बाजूला टाकत राहिली, मग तेही सोडलं, हात मांडीवर ठेवले. "तू जा व, कला," आई म्हणाली. मग बॅनरच्या कडेला येऊन टेकली, उकिडवी, टाचांवर, जशी संत्र्याच्या ढिगापुढे बसते, डबा मांडीत. कावळा ओरडला, एक मालगाडी गेली. "हात सुने सुने वाटून राहिले," आई म्हणाली, कोणालाच नाही. मग एक हात मागं टेकवला आणि हळूच खाली बसली, पूर्ण, पाय लांब करून. तळवे दिसले. माती नव्हती, पण भेगा त्याच होत्या. शीतलनं नजर हटवली नाही.

बाप चौकीवरून आला. त्यानं दोघींकडे पाहिलं, जमिनीवर पसरलेल्या तोंडाकडे पाहिलं. वाऱ्यानं बॅनरचा कोपरा फडफडत होता. तो रुळाकडे गेला, गिट्टीतले चार धोंडे निवडून आणले, एकेका कोपऱ्यावर ठेवले, शेवटचा पायानं दाबून हलत नाही ना ते पाहिलं, आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. मंडीचा मुकादम, शीतलपेक्षा लहान, कानात पांढरा इयरफोन. एक पाय खाली टेकवून त्यानं हॉर्न दिला.

"का वं शकुनबाई, नागपूरची गाडी लागली तिकडे. बसून काय राहिली?"

फ्लेक्स कुरकुरला. आईचे गुडघे हलले होते. शीतलला पाहावंही लागलं नाही, तिच्याच गुडघ्यांतून ते आधी गेलं होतं. तिनं हात पुढं केला नाही, धरलं नाही. आईचा तळहात बॅनरवर टेकला, उठायला टेकतात तसा, आणि तिथंच राहिला.

"आज नाही येत मी," आई म्हणाली. बसूनच.

"काऊन? तब्येत बरी नाही का?"

दारात बाप उभा होता. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे, खालून वर, उन्हामुळे डोळे बारीक करून.

"तब्येत चांगली हाय," ती म्हणाली.